ब्रेकवरचा पाय

सिस्टर आणि मास्तर यांचा संसार दारात चालला होता. सिस्टर म्हणजे इस्पितळात नर्स, आणि मास्तर म्हणजे तिचा नवरा, लोकांना गाडी चालवायला शिकवणारा. तो सकाळच्या शिकवण्या उरकून घरी पोचायचा तेव्हा ती पायात चपला सरकवत उभी असायची. लेक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जायची, आणि तिच्यासोबत अहवालही जायचा. वॉर्डात ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीच्या हवाली पेशंट करते ना, तसा.

"दूध अर्धं. शी झालीय. ताप नाही. डावा कान खाजवतेय, लक्ष ठेव."

"झोप?"

"नाव काढू नकोस."

संध्याकाळी हाच खेळ, फक्त पात्रं उलटी. लेकीला सगळे भुंगी म्हणत, कारण जागेपणी ती एका जागी टिकत नसे आणि झोपेतसुद्धा तिचं गुणगुणणं थांबत नसे.

असंच चाललं असतं. पण एकदा वॉर्डातल्या एका आजींनी इंजेक्शन घेता घेता सहज विचारलं, "काय गं पोरी, नवरा काय म्हणतो तुझा?" आणि सिस्टर तोंड उघडून बोलून गेली, "दूध अर्धंच प्याली म्हणतो."

अख्खा वॉर्ड हसला. प्लास्टरमधला एक पेशंट तर इतका हसला की त्याला दुखलं. सिस्टरही हसली. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ती स्टुलावर बसली आणि आठवू लागली. ज्यात भुंगी नाही असं एखादं वाक्य नवरा आपल्याशी शेवटचं कधी बोलला? तिला औषधांची लांबलचक नावं पाठ होती, पण हे काही केल्या आठवेना.

घरी गेल्यावर तिने फर्मान काढलं. "रविवारी आपण दोघंच. तळ्याकाठच्या त्या रेस्टॉरंटमध्ये. मी लायसन्सच्या परीक्षेत पास झाले तेव्हा गेलो होतो, तिथे."

"आणि भुंगी?"

"भुंगीला अजून लायसन्स नाही."

मनातल्या मनात मात्र तिने एक गोष्ट ठरवली होती. नवऱ्याकडून एक वाक्य मिळवायचं. आपल्याबद्दलचं. नाही मिळालं तर... तर काय, ते तिने ठरवलं नव्हतं.

रविवारी भुंगीला ताईंकडे सोडलं. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. दारात आधी सिस्टरने अहवाल दिला, मग मास्तरांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या, मग सिस्टरने दुरुस्त्यांवर हरकती घेतल्या. ताई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"मी तीन पोरं वाढवलीत," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यातलं एक तर तुझा हा नवराच. निघा आता. नाहीतर तुम्हाला बघून ती रडेल आणि मी पण."

"दर तासाला फोन करतो," मास्तर म्हणाले.

"करू नका," म्हणत ताईंनी दार लावून घेतलं.

घरची गाडी एकच, शिकवणीची. टपावर 'शिकाऊ चालक' अशी लाल अक्षरातली पाटी, स्क्रूने पक्की केलेली, त्यामुळे ती काही निघत नसे. आणि आत, शिकवणाऱ्याच्या पायाशी, त्याचा स्वतःचा वेगळा ब्रेक. सिस्टर स्टिअरिंगमागे बसली. मास्तर शेजारच्या त्यांच्या नेहमीच्या जागी.

पहिल्या सिग्नलला दोघं समोर बघत बसले. "हवा छान आहे," ती म्हणाली. "हं," तो म्हणाला. हे वाक्य धरायचं का? नाहीच धरायचं, तिने ठरवलं. एवढ्यात मास्तर उसळून ओरडले, "तो बघ! मोठ्ठा ट्रक! कसा जातो ट्रक? घर्रर्र!"

मागची सीट रिकामी होती. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थाने मात्र वळून ट्रककडे पाहिलं.

"छान गेला ट्रक," सिस्टर म्हणाली.

मास्तरांचे कान लाल झाले. पुढे सिस्टर इतकी सावकाश निघाली की ती गाडी चालवतेय की मिरवणूक, कळेना. मागचे लोक पाटी बघून हॉर्न वाजवत होते. आणि जरा कुठे वेग घेतला की गाडी गचका खाऊन थांबायची.

"तू ब्रेक मारलास?"

"मी? नाही तर."

पुढच्या वळणावर पुन्हा गचका.

"मास्तर!" आता ती चिडली होती. चिडली की ती त्यांना शिकवणीतल्या दिवसांसारखं मास्तर म्हणे आणि 'अहो'वर येई. "अहो, फिरायला निघालात की शिकवायला?"

"अगं, पाय आपोआप जातो."

"मग त्याला सांगा, आज सुट्टी आहे."

मास्तरांनी नजर समोर वळवली. फक्त रस्ता तेवढा सांगत राहिले, तोही त्या जुन्या, झोपाळू, एकसुरी आवाजात. "आरसा बघ. इंडिकेटर. पुढच्या चौकात डावीकडे. सरळ. आता उजवीकडे." ती रागाने धुमसत निमूटपणे वळत गेली. सांगणाऱ्याचं लक्ष नव्हतं, ऐकणारीचंही नव्हतं. शेवटी "आता सावकाश थांब" म्हटल्यावर ती सावकाश थांबली आणि दोघांनी मान वर करून पाहिलं.

समोर तळं नव्हतं. समोर धुळीचं मैदान होतं. रंग उडालेले लोखंडी ड्रम, चुन्याच्या फिकट रेघा आणि कुंपणाला बांधलेला एक टायर. हे मास्तरांचं शिकवणीचं मैदान. गेली कित्येक वर्षं ते प्रत्येकाला याच वळणांनी इथे आणत होते, आणि तीही याच वळणांनी गाडी शिकली होती.

"अरे देवा," मास्तर म्हणाले.

सिस्टरने गाडी बंद केली. तिला रडावं की हसावं कळेना. मनात आलं, एवढी नटूनथटून आले, नवा कुर्ता घातला, आणि हा माणूस मला कामावर घेऊन आला. मग ती म्हणाली, "त्या दोन ड्रमच्या मध्ये मागे मागे नेऊन गाडी लावते. तुम्ही ब्रेकला हात लावायचा नाही."

"हात कशाला लावीन?"

"पाय!"

मास्तरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग वाकून बूट काढले. मोजे काढले. आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. गुडघे डॅशबोर्डला टेकले, मान टपाला लागली. आसनावर बसवलेल्या बुवासारखे दिसत होते.

"घे. आता तू आणि ड्रम."

तिने रिव्हर्स टाकला. गाडी मागे सरकली. मास्तरांचे तळपाय आखडले, बोटं वळली, कपाळावर घाम आला, पण मांडी मोडली नाही. आरशात ड्रम आला. मोठा झाला. अजून मोठा झाला. मास्तरांनी डोळे मिटले.

धडाम!

ड्रम आडवा पडून मैदानभर गडगडत गेला आणि कुंपणाच्या टायरला जाऊन टेकला.

"नापास," डोळे न उघडता मास्तर म्हणाले.

आणि दोघं हसत सुटले. ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती, त्यामुळे हॉर्न वाजत होता, आणि हॉर्न वाजतोय म्हणून तो आणखी हसत होता. शेवटी पोटात कळ आली तेव्हा थांबले. भूक लागली होती. गाडीच्या खणात भुंगीची बिस्किटं सापडली, प्राण्यांच्या आकाराची. मास्तरांनी हत्तीची सोंड मोडून तिला दिली. मांडी अजून तशीच होती.

"पाय आपोआप जातो, खरंच," बिस्किट चघळत ते म्हणाले. "दिवसभर लोक मला कुठे ना कुठे आपटायला निघालेले असतात. झोपेतसुद्धा तू कूस बदललीस की मी ब्रेक मारतो."

"म्हणजे रात्री माझ्या पोटरीवर लाथ बसते, ती...?"

"तो ब्रेक."

"मी तर समजत होते, तू माझ्यावर चिडलायस!"

"मी कशाला चिडू? मला वाटायचं, तूच वैतागली असशील. दारात तू माझ्याकडे अशी बघतेस, जणू मी पुढच्या ड्यूटीची नर्स आहे. आणि तीही उशिरा आलेली."

 तिने त्याचा गुडघा थोपटला, भुंगीला थोपटावं तसा, आणि मग लक्षात येऊन थोपटणं थांबवून नुसता हात ठेवला. सीटा मागे पाडल्या. आता खूप काही बोलायचं, असं दोघांनीही ठरवलं. पण डोकं टेकायला मिळालं होतं, वर कोणी उडी मारत नव्हतं, कोणी नाकात बोट घालत नव्हतं. तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं आणि त्याने ते घोरत पूर्ण केलं.

जाग आली ती ताईंच्या फोनने.

"जिवंत आहात का? दर तासाला करणार होतात ना? मग एकदाही का केला नाहीत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भुंगीला ते चक्क विसरले होते. चोरी पकडल्यासारखी दोघांची तोंडं झाली. ऊन कुंपणापर्यंत उतरलं होतं, आणि तळ्याकाठचं जेवण केव्हाच आटपलं असणार. परतताना गचका एकदाही बसला नाही. मास्तरांनी बूट हातात धरले होते.

ताईंच्या दारात भुंगी आत्याच्या कडेवर होती, तोंडभर केळं माखलेली.

"दूध पूर्ण," ताई तोऱ्यात म्हणाल्या. "शी झाली. झोपली. रडली नाही, तुमचं नावसुद्धा काढलं नाही. आता तुम्ही सांगा, तळं कसं होतं?"

सिस्टर काही बोलणार, तोच मास्तर पुढे झाले. अनवाणीच. घसा साफ केला आणि बायकोकडे बोट करून वॉर्डातल्या सुरात म्हणाले,

"ताई, हिचा अहवाल. खाणं, एक हत्ती, दोन माकडं. झोप भरपूर, घोरणं माझ्याहून जास्त. हसली तेव्हा हॉर्न वाजला. नवीन कुर्ता निळा आहे, सकाळीच दिसला होता, तेव्हा सांगायचं राहिलं. गाडी अजिबात मागे घेता येत नाही, त्यामुळे पुढच्या रविवारी पुन्हा शिकवणी. लक्ष ठेवायला मी आहे."

ताईंनी एकदा भावाच्या उघड्या पायांकडे, एकदा गाडीच्या चेपलेल्या मागच्या बंपरकडे पाहिलं.

"तळ्यात पडलात का रे?" त्या म्हणाल्या.

 सिस्टरने भुंगीला घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि नव्या निळ्या कुर्त्याला केळं लागलं तरी पुसलं नाही.