बेल्ट किंचाळत होता

उस्तादांचं गॅरेज त्यांच्या कानांवर चालायचं. गाडी फाटकातून आत येईपर्यंत, हातातला पानासुद्धा खाली न ठेवता ते सांगून मोकळे व्हायचे, "बेअरिंग गेलंय." तीस वर्षांत चुकले असतील ते बोटांवर मोजण्याइतके.

त्या सकाळी एक नर्स ड्युटीवर जाता जाता गाडी घेऊन आली. उतरली तीच कानावर हात ठेवून.

"काका, आठवडा झाला, हा ताप आहे. गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकतात माझ्यावर. ऐकताय ना?"

उस्तादांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं, बॉनेट उघडलं आणि वाकले. इंजिनची घरघर होती, पंख्याचा गरम वारा तोंडावर येत होता. त्यापलीकडे काही नव्हतं.

"आत्ता येतोय आवाज?"

"म्हणजे काय! डोकं उठलंय माझं."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. आपल्याला धक्का बसायला हवा, असं त्यांच्या मनात आलं. पण बसला नाही. दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं आत काहीतरी झालं होतं.

मग ते नवशिक्यासारखे एकेक विचारत गेले. ब्रेक दाबल्यावर येतो? नाही. वळताना? थोडा वाढतो. गाडी गार असताना?

"तेव्हा तर विचारूच नका. त्यात एसी लावला की संपलंच."

म्हणजे बेल्ट. त्यांनी बाटलीतून फिरत्या बेल्टवर पाण्याची बारीक धार सोडली.

"काय झालं?"

"वाढला की!" ती दोन पावलं मागे सरली. "इतक्या जवळून तुम्हाला येत नाही ऐकू?"

"तुम्ही सांगा. गाडी तुमची आहे."

पाण्याने आवाज वाढला, म्हणजे बेल्ट ढिला पडून घसरत होता. इंजिन बंद करून त्यांनी बेल्टला ताण देणारी पुली हलवून पाहिली. तिची स्प्रिंग मेली होती. पुली बदलली, बेल्टही नवा चढवला. हातांना सगळं ठाऊक होतं.

गाडी पुन्हा सुरू केली. त्यांच्या लेखी काहीच बदललं नाही. तिच्या कपाळावरची आठी गेली, तेव्हा काम झाल्याचं त्यांना कळलं.

गॅरेजचे फोन त्यांची बायको घ्यायची. दुपारी दोघं डबा उघडून बसली.

"मला बारीक आवाज येत नाहीत आता," ते म्हणाले.

"माहितेय."

"कधीपासून?"

"वर्ष होईल. कपड्यांचं मशीन बोंबलत असतं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचता. आधी वाटलं, नेहमीचा आळस."

"बोलली नाहीस ती?"

"तुम्ही कधी कुणाचं ऐकून घेतलंय?"

बोलून गेल्यावर तिलाच हसू आलं. उस्ताद जेवत राहिले. भाजीत मीठ कमी होतं की नव्हतं, तेही त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी एक टॅक्सी आली. मागून काहीतरी चिरकतंय, ड्रायव्हर म्हणाला. उस्तादांनी क्षणभर टॅक्सीकडे पाहिलं, आत हाक मारली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. बायको चष्मा टेबलावर ठेवून आली, काही न विचारता त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली आणि काच खाली केली. दोघांनी रस्त्यावर एक फेरी मारली.

"डावीकडून येतोय. मागच्या चाकातून," ती म्हणाली. "ब्रेक दाबला की थांबतो."

"नक्की?"

"नक्की."

उस्तादांनी डाव्या चाकाला जॅक लावला.