यादीत वेल्डिंग आहे

नागोजीनं होसकोट्याच्या स्वतःच्या शेडमध्ये तीस वर्षं वेल्डिंग केलं, ते एवढ्याचसाठी की हर्षितानं कधी त्या शेडची पायरी चढू नये. पोरीला बी.कॉम. केलं. आता तिला कॅनडात बिझनेसचा डिप्लोमा करून तिथंच नोकरी धरायची होती, म्हणून बापलेक राजाजीनगरच्या कन्सल्टन्सीत जाऊन बसले.

समोर मुग्धा. पुण्याची, वयानं हर्षिताएवढीच, पण गळ्यातल्या आयडीमुळं थोर दिसायची. तिनं सांगितलं, डिप्लोम्यानंतर कामाची परवानगी आता विषय बघून मिळते, आणि बिझनेस यादीत नाही. मग तिचं बोट यादीवरून खाली सरकायला लागलं. नर्सिंग म्हटलं तर हर्षिताला रक्त बघून चक्कर. शेती म्हटलं तर तिनं कुंडीतली तुळस दोनदा मारलेली. बोट थांबलं.

"वेल्डिंग," मुग्धा म्हणाली. "काका, स्कोप एकदम सॉलिड आहे."

नागोजीनं ती यादी स्वतःकडं ओढून बघितली. त्याचा उस्ताद शिव्या घालत फुकट शिकवायचा, आणि हे शिकायला विमानानं जायचं?

हर्षिता मात्र तयार. अडचण एकच, बी.कॉम.वाली वेल्डिंगला कशाला, असं व्हिसावाले विचारणार. सहा महिन्यांच्या अनुभवाचं पत्र जोडलं तर बरं, असं मुग्धानं सुचवलं.

"अप्पांचंच वर्कशॉप आहे की," हर्षिता म्हणाली. "अप्पा, स्वल्प, जरा एक सही करा."

नागोजी काही हरिश्चंद्र नव्हता. नात्यागोत्यात त्यानं पाहिजे तसले दाखले लिहून दिले होते. पण वेल्डिंगचं वेगळं. जोड सुटला की खाली कुणीतरी उभं असतं.

"येत नाही त्याला येतं म्हणून मी लिहीत नाही," तो म्हणाला. "सहा महिने शेडला ये. मग बघू."

मुग्धानं ॲडमिशनची तारीख जाईल म्हणून सांगून बघितलं. जाऊ दे म्हणाला, पुढची येईल.

त्याला वाटलं, आठवड्यात पळेल. पहिला जोड तिनं असा घातला, जणू मुंगळे चिकटलेत. त्यानं ग्राइंडरनं उडवला. दुसरा उडवला. महिनाभर उडवत राहिला, पोरगी येत राहिली. सहावा महिना भरला तेव्हा त्यानं तिच्या जोडावर हातोडा घातला. मग तुटावा म्हणून आणखी दोन घातले. तुटला नाही.

"एवढं येतंय, तर इथंच कर की," तो म्हणाला.

"इथं केलं तर तुम्ही कुणाला सांगणार नाही, अप्पा. तिकडं केलं तर गल्लीभर सांगाल."

नागोजीनं खिशात चष्मा शोधला आणि अनुभवाच्या पत्रावर सही केली.