हिरवे बाबा, निळी बायको

रंगाच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं छटा जुळवतोय. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणतं, मी तोच रंग डब्यात भरून देतो. जे समोर नाही, ते मला जमत नाही. म्हणून चित्रकलेच्या वर्गात सरांनी एक छापील चित्र दाखवलं आणि हीच माणसं नक्कल न करता काढायला सांगितली, तेव्हा मी अडलोच. चित्रात टेबलाशी हिरव्या तोंडाचा म्हातारा, दारात ओरडणारी निळी बाई आणि तिच्याकडे पाठ करून बसलेला माणूस.

"आतून काढा," सर म्हणाले.

आत काय असतं, डोंबल! मी घरी पाण्याने निघणारा रंग कालवला आणि समोर दिसावं म्हणून बाबांचं तोंड हिरवं केलं. बाबा खूश. तशाच तोंडाने बँकेत जाऊन आले. म्हणाले, "लोकांनी रांग सोडून पुढे जाऊ दिलं."

बायकोला परगावी नोकरी लागली होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. महिनाभर ती मला विचारत होती, मी "बघू" म्हणत होतो. ती गेली तर माझं कसं होणार, एवढंच मला सुचायचं. तरीही रविवारी, बाबा पुन्हा हिरवे होऊन टेबलाशी बसल्यावर, ती चित्रासाठी निळी होऊन दारात उभी राहिली.

"नुसतं तोंड उघडू, की ओरडू?"

"ओरड."

"आणि तो पाठमोरा कोण?"

"मीच. आरशात बघून काढीन."

"आरसा कशाला? मी सांगते कसा दिसतो ते."

मग ती ओरडली. बाबांच्या हातून चष्मा पडला.

"मला जायचंय! महिना झाला, काय काम आहे एवढं तरी विचारलंत?"

छटा जुळवायची म्हणून मला मान वळवता येईना. इतका वेळ सलग मी तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. निळ्या रंगाखाली तिची हनुवटी थरथरत होती. मला माझीच लाज वाटली.

"काय काम आहे?" मी विचारलं.

तिने तोंड मिटलं. चित्राचा बट्ट्याबोळ झाला.

खुर्ची ओढून ती बसली आणि सांगू लागली. नदीकाठी एक खोली, रोज तीनदा पाण्याची पातळी मोजायची, वर कळवायची. बाबा हिरव्या तोंडाने मान डोलावत होते. सांगता सांगता ती हसली.

"कळव होकार," मी कसाबसा म्हणालो.

"तो शुक्रवारीच कळवला," ती म्हणाली.