पाळकसाहेबांचा आवाज कोण बंद करणार?

मित्रांनो, मिक्सर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चटणीचं भांडं येतं, हे मला ठाऊक आहे. मी तो नव्हे. माझं काम आवाज मिसळण्याचं. सामोआतल्या सवाई बेटावर, समुद्राकाठच्या एका चर्चमध्ये, शेवटच्या बाकामागच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. वयाने मी काही फार मोठा नाही, पण इथल्या खाऱ्या वाऱ्याने माझे सांधे धरलेत आणि पोटात एका पालीने संसार थाटलाय. तेव्हा जुना म्हटलंत तरी चालेल.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. तिथे माझं प्रत्येक बटण तपासून पाहिलं होतं. माझ्यासारख्या यंत्राची मोठमोठ्या नाट्यगृहांत वाट बघतात म्हणे. मी इथे आलो तो बोटीतून, नारळाच्या पोत्यांशेजारी बसून. आल्या दिवशी गावाने माझी पूजाच बांधली म्हणा ना. बायकांनी जाळीदार विणलेलं पांढरं कापड घातलं, त्यावर फुलदाणी ठेवली. कौतुक झालं, फार झालं. पण फुलदाणीतलं पाणी माझ्या तिसऱ्या बटणात गेलं ते कुणी पुसलं नाही. माणसाला मखरात बसवायचं आणि जेवायला घालायचं नाही, त्यातली गत.

मला चालवणारा सियाकी नावाचा तरुण होता. तो सफरचंदं तोडायच्या कामावर न्यूझीलंडला गेला आणि मी पडलो त्याच्या चुलतबहिणीच्या, तायमानेच्या गळ्यात. तायमाने चर्चच्या गायनात मधल्या पट्टीत गायची. कान तिचा सोन्याचा, पण माझ्याजवळ आली की हात पाठीमागे घ्यायची. जाताना सियाकीने तिला काय शिकवलं? "हे बघ तायमाने, सगळं लावून ठेवलंय. कशाला हात लावू नकोस, म्हणजे झालं." हे शिकवणं झालं का, तुम्हीच सांगा. पोहायला शिकवायचं आणि पाण्यात उतरू नकोस म्हणायचं.

माझी विद्या काही अवघड नाही हो. प्रत्येक माइकला एक उभी पट्टी. पट्टीवर वरखाली सरकणारं बटण, त्याला फेडर म्हणतात. त्याने आवाज कमीजास्त होतो. वर म्यूटचं बटण असतं, ते दाबलं की आवाज बंद आणि लाल दिवा चालू. शेजारी सिलेक्टचं बटण असतं, तेही दाबलं की पेटतं. ज्या माइकचं सिलेक्ट दाबाल, त्याच माइकला माझ्या उजवीकडची गोल बटणं लागू पडतात. एवढं कळलं तरी निम्मं काम फत्ते. पण तायमानेची समजूत अशी, की दिवा पेटला म्हणजे माइक चालू. घरातला दिवा पेटतो, चुलीवरचा जाळ पेटतो, मग माझा पेटला की कसं बंद असेल? तिचा दोष नाही. पण माझा जीव मात्र खालीवर होई.

गेल्या वर्षीच्या पांढऱ्या रविवारी या समजुतीने घात केला. या दिवशी आमच्याकडे सगळी मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये येतात आणि पाठ केलेली वचनं सगळ्यांसमोर म्हणतात. प्रत्येक घर आपल्या पोराच्या तोंडाकडे डोळे लावून बसतं. तायमानेची मुलगी फेतू पुढे आली. चिमणीएवढा आवाज तिचा. आईने मोठ्या हौसेने मुलांच्या माइकवरचं म्यूट दाबलं, लाल दिवा लावला आणि लेकीकडे बघून मान हलवली. फेतू बोलत राहिली. कुणाला काही ऐकू गेलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "पोरी, माशाशी बोलतेस की आमच्याशी?" लोक हसले. फेतू तशीच उभी राहिली आणि मग रडत रडत खाली उतरली. मी सगळा लाल होऊन ओरडत होतो, पण माझी भाषा वाचणारं तिथे कोण होतं?

त्यानंतर फेतूने मोठ्याने बोलणंच सोडलं. यंदा पांढरा रविवार जवळ आला तेव्हा माझ्याजवळ उभी राहून तिने आईला सांगितलं, "मी म्हणेन. पण यंदाही ऐकू गेलं नाही ना, तर पुन्हा कधी चर्चमध्ये तोंड उघडणार नाही."

"जाईल ऐकू," तायमाने म्हणाली.

"मागच्या वर्षीपण तू असंच म्हणालीस."

 तायमानेने तिथल्या तिथे सियाकीला व्हिडिओ फोन लावला. तो झाडाला टेकवलेल्या शिडीवर उभा होता.

"लाल म्हणजे बंद," तो म्हणाला.

"मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"मला वाटलं तुला कळत असेल."

"मला कळत असतं तर तुला कशाला विचारलं असतं, मेल्या? बरं, आवाज वाढवायचं गोल बटण कुठलं?"

"वरचं. पण आधी सिलेक्ट कुणाचं दाबलंयस ते बघ. नाहीतर वाढवायला जाशील एकाचा आणि वाढेल दुसऱ्याचाच."

"आणि पाळकसाहेबांचा माइक? त्यांच्या कॉलरला असतो, ते बसतात नेमके कर्ण्याखाली. मुलं बोलताना तो गुणगुणतो."

 "त्याला हात लावायचा नाही. मीपण कधी लावला नाही. पाळकांचा आवाज बंद करणार कोण? गावप्रमुख सेउमालो तुला जिवंत सोडतील का?"

मित्रांनो, खरी गोम इथे होती. आमच्याकडे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बसले असताना त्यांच्यासमोरून ताठ मानेने कुणी जात नाही. वाकून, माफी मागून जातात. ते जेवल्याशिवाय कुणी घास घेत नाही. असल्या माणसाचं तोंड बटणाने बंद करायचं म्हणजे केवढं पाप. म्हणून चर्चमध्ये आल्यापासून त्यांचा माइक कायम उघडा. ते खोकले तर गाव ऐकतं, ते पोट खाजवत जांभई देतात तेव्हाही गाव ऐकतं. आणि त्या उघड्या माइकपायी बाकी सगळ्यांचा आवाज मला दाबून ठेवावा लागतो, नाहीतर कर्णे किंचाळतात. वर लोक मलाच म्हणतात, यंत्र भिकार आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पांढरा रविवार उजाडला. तायमाने सकाळपासून माझ्यापुढे होती. मुलांच्या माइकचा लाल दिवा तिने स्वतः विझवला. मी म्हटलं, चला, एक पायरी तरी चढली. मुलं येत होती, म्हणत होती, जात होती. मोठ्या आवाजाची पोरं निभावून गेली. मग फेतू आली.

तिने सुरुवात केली. पहिल्या दोन बाकांपलीकडे काही पोचेना. तायमानेने फेडर पार वर ढकलला. तरी पोचेना. मग तिने गोल बटण धरलं आणि फिरवलं. अगं, थांब, मी मनात म्हणालो. सिलेक्ट पाळकांचं दाबलेलं होतं. प्रार्थनेच्या वेळी तिचाच अंगठा तिथे पडला होता. वाढवायचा लेकीचा आवाज आणि वाढला पाळकांचा. कर्ण्यांतून अशी किंकाळी निघाली की पोरांनी कानांवर हात घेतले. फेतू थांबली. ती मागे वळून पायरीकडे बघू लागली.

तायमानेने खाली पाहिलं. पेटलेलं सिलेक्ट तिला दिसलं. तिने गोल बटण मागे आणलं, किंकाळी बसली. पण गुणगुण काही जाईना. आता फेतूचा आवाज वाढवायचा तर एकच वाट होती, आणि ती तिलाही कळली होती. तिचं बोट पाळकांच्या म्यूटवर जाऊन थांबलं. सेउमालो मागे वळून थेट तिच्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

मला इतका राग कधी आला नव्हता. मला बटणं दिली, पण एखादं स्वतःहून दाबायची ताकद दिली नाही. अगं दाब, दाब एकदाचं, तुझी पोर चालली.

तायमानेने दाबलं.

लाल दिवा लागला. गुणगुण गेली. तिने फेतूचं सिलेक्ट दाबलं, आवाज चढवला, आणि लेकीला हाताने खूण केली. फेतूने माइकजवळ तोंड नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. तिचा श्वाससुद्धा शेवटच्या बाकापर्यंत आला. गेल्या वर्षी थट्टा करणारा म्हातारा कानामागचा हात काढून नुसता ऐकत राहिला. सगळं म्हणून झालं तेव्हा फेतू स्वतःच चकित होऊन उभी होती.

उपासना संपताच सेउमालो माझ्या टेबलाशी आले. "पाळकांचा आवाज बंद केलास, तायमाने? तुझ्या आईबापांनी हेच शिकवलं तुला?"

 तेवढ्यात पाळक आले आणि त्यांच्यामागे त्यांची बायको.

"मी बंद होतो?" पाळकांनी विचारलं. "तरीच पोरीचा शब्द न् शब्द कळला मला."

"हे बटण घरी नेता येईल का?" पाळकीणबाई म्हणाल्या.

सेउमालो काही हसले नाहीत. "गंमत नाही ही, पाळकसाहेब. मान राहिला पाहिजे."

"सेउमालो, आज दुपारी आधी कोण जेवणार?"

"मुलं. आज त्यांचा दिवस."

"आणि वाढणार कोण?"

"आपण."

"मी हातात ताट घेऊन मागे उभा राहतो, तेव्हा माझा मान जात नाही. मग मुलं बोलताना मी गप्प राहिलो तर कसा जाईल?" आणि त्यांनी तायमानेला सांगितलं, "पोरी, मुलं बोलत असली की मला बंद करत जा. मला विचारायला येऊ नकोस."

मित्रांनो, इतकी वर्षं मी इथे चिडचिड करत काढली. मला वाटायचं, यांना माझी बटणं कळत नाहीत. बटणं तर तायमानेला फोनवर दोन मिनिटांत कळली. अडलं होतं ते बोट. तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखं एखादं यंत्र धूळ खात पडलं असेल. त्यावर फुलदाणी ठेवू नका, त्याला घाबरू नका, कळत नसेल तर लाज सोडून विचारा. आणि बारीक आवाजाचं कुणी बोलायला उभं राहिलं, की त्याला मोठ्याने बोल म्हणण्याआधी जरा बघा, मोठ्या माणसांपैकी कुणाचा माइक उघडा राहिलाय ते.