लोंबतं काही नको

अर्जुनरावाच्या सदऱ्याच्या खिशात कैची असते, हे धामणगाव बढ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्नाची पत्रिका द्यायला आलेली माणसं चहा पिऊन उठता उठता हळूच म्हणायची, "या बरं काका, पण ते घरीच ठेवून या."

त्यानं काय नाही कापलं? बैलांच्या गळ्यातले गोंडे कापले. रुक्मिणीबाईच्या टॉवेलाच्या दशा कापल्या. नव्या सरपंचाच्या सत्काराला खांद्यावर शाल पडते न पडते तोच हा पुढं झाला आणि दोन्हीकडच्या झालरी कापून मोकळा. सरपंचाला वाटलं हाही सत्काराचाच भाग, त्यानं हात जोडले. एका वरातीत तर घोडीवर चढणाऱ्या नवरदेवाच्या फेट्याचा पाठीवर सोडलेला शेमला यानं खचकन उडवला. नवरदेवाची आत्या रडायला लागली, बँडवाल्यांचं गाणं मधेच तुटलं आणि शेमला धरून उभा राहिलेला अर्जुनराव सगळ्यांना एकच सांगत होता, "लोंबत होता न. लोंबत होता."

स्वतःच्या पायजम्याची नाडी त्यानं इतकी आखूड केली होती, की सव्वीस जानेवारीला शाळेत ती आत सरकली. राष्ट्रगीत चालू. हात हलवायची सोय नाही. पायजमा घोट्यावर आला तरी अर्जुनराव सावधानमध्ये उभा. समोर सगळी शाळा, पण एक पोरगं हसलं नाही. पूर्वीचा अर्जुनराव असता तर गाव महिनाभर लोळून हसलं असतं, आणि तोही हसला असता. न हसणंच त्याला फार लागलं.

कारण गावाला माहीत होतं. अर्जुनरावाचा पोरगा राम मित्राच्या लग्नाला मोताळ्याकडं निघाला होता. गाडी चालू करून दारात उभा. अर्जुनराव भाजीचे कॅरेट टाकून मागून धावला आणि स्वतःचं जरीचं उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं. "लग्नाले असा भुंड्या खांद्यानं जातं का बे? लोक काय म्हनतीन?" राम म्हणाला, "राहू द्या न बाबा." अर्जुनरावानं राहू दिलं नाही. गाव सुटल्यावर वाऱ्यानं उपरण्याचं टोक मागच्या चाकात गेलं. डोक्यावर हेल्मेट होतं. पोलिसांनीही तसंच लिहिलं, हेल्मेट होतं. दवाखान्यात उपरणं सुटेना, तेव्हा नर्सनं ते कैचीनं कापलं. ते कापताना अर्जुनराव बघत होता.

रुक्मिणीबाई अजूनही नवऱ्याला "रामचे बाबा" म्हणूनच हाक मारायची. दुसरं काय म्हणायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

धाकटी योगिनी मोताळ्याला गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला होती. दिवसभर लोकांना गाड्यांचे गुण सांगायची आणि संध्याकाळी एसटीनं घरी यायची. राम गेल्यापासून दुचाकीवर ती बसतच नव्हती. शोरूममधली गाडी नुसती दारापर्यंत ढकलायची म्हटलं तरी खांद्याला वारा लागला की तिचे हात गारठायचे. एक दिवस तिनं जेवता जेवता सांगितलं, "बाबा, मले ट्रॅक डेले जायचं हाय."

रुक्मिणीबाई म्हणाली, "कॉलेजात साडी डे असते, टाय डे असते. हा ट्रॅक डे काय निघाला? सगळ्यायनं ट्रॅक पँट घालाची का?"

"तसं नाई वं आई. देऊळगाव राजाच्या पुढं कापसाची एक जिनिंग बंद पडली, तिच्या आवारात क्लबवाल्यायनं गोल रोड केला. तिथं गाडी चालवाची. ट्रॅक्टर नाई, ट्रॉली नाई, ढोरं नाई. गाड्या त्यायच्याच."

अर्जुनरावाचा घास हातातच राहिला. "तू नाई जाणार."

"आयकून तर घ्या. तिथं अंगावर काय घातलं ते तपासल्याबिगर आत सोडत नाईत." ती थांबली. "आन काय घालाचं ते तुमीच ठरवा. तुमी म्हनान ते घालीन. पन मले एकदा बसू द्या. नाईतर मी जिंदगीभर एसटीतच बसून राहीन."

अर्जुनराव ताटावरून उठला, हात धुतला, परत येऊन बसला. अंगावरचं तपासतात, हे त्याच्या डोक्यातून जाईना. अशी जागा असते? लग्नाच्या दारात का नसते मग?

"मी संगं येईन," तो म्हणाला.

क्लबचा मेसेज वाचायला तो शेखरकडं गेला. शेखरचं कापडाचं दुकान, त्यात तो बीए, म्हणून गावातले सगळे कागद त्याच्याकडंच यायचे. शेखरनं मोबाईल लांब धरून वाचलं, "ट्रॅक डे. लेदर सूट अनिवार्य."

"म्हंजे काय?"

"म्हंजे सोपं हाय काका. लेदर म्हंजे चामडं. सूट म्हंजे माफी. चामड्याची माफी हाय."

"मंग अनिवार्य काऊन?"

"माफी घ्यायच लागते. सोडता येत नाई." शेखरनं एवढं सांगून मागच्या फळीवरून एक चकचकीत निळा ट्रॅकसूट काढला. "आन ट्रॅक डेले ट्रॅक तं पाहिजेच. हा पोरीले फिट्ट बसते."

अर्जुनरावानं दुकानातच त्याच्या कमरेची नाडी आणि टोपीच्या दोऱ्या कापल्या. घरी रुक्मिणीबाईनं गोधडीचे तुकडे करून गुडघ्याला, कोपराला, पाठीला शिवले. "पडली तं पडली," ती म्हणाली, "गादीवर पडल्यावानी वाटीन." मग शेजारच्या पोराचे क्रिकेटचे पॅड आले. त्यांचे पट्टे लोंबत होते, म्हणून अर्जुनरावानं ते उडवले आणि पॅड सुतळीनं बांधले. सुतळीची टोकं लोंबायला लागली, तीही उडवली. गाठी सुटल्या. शेवटी पॅड ट्रॅकवरच शिवून टाकले.

एवढं सगळं चढवून योगिनी अंगणात आली तेव्हा तिचे हात बाजूला उभे राहिले होते आणि गुडघे वाकत नव्हते. शेजाऱ्याची गाडी स्टँडवर उभी होती. दोघांनी धरून तिला वर बसवलं. मान वळवायला गेली, तर मानेबरोबर सगळी पोरगीच वळली, आणि उभ्या गाडीवरून भरल्या पोत्यासारखी कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन पडली.

"लागलं का वं?" रुक्मिणीबाई धावली.

"काईच नाई लागलं," योगिनी आकाशाकडं बघत म्हणाली. "पन मले उठता येऊन नाई राह्यलं."

मग ती हसायला लागली. रुक्मिणीबाईही पदर तोंडाला लावून हसली. अर्जुनराव हसता हसता थांबला. अंगणात तिघांचं हसू त्यानं लई दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि त्यात एक आवाज कमी होता.

दुसऱ्या दिवशी योगिनीनं शोरूममधल्या संजीवनीला हे सांगितलं. संजीवनी असे ट्रॅक डे करून आलेली. ती खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. "अवं येडे, सूट म्हंजे अंगात घालाचा सूट. चामड्याचा. माया जुना हाय, घेऊन जाय. हेल्मेटही ने."

चामडं घरात आलं तसं रुक्मिणीबाईनं सांगितलं, "देव्हाऱ्याजवळ नको ठेवू, गोठ्यात टांग." गोठ्यात म्हशीनं तो सूट नीट हुंगला आणि ओळखीचं कोणी भेटल्यासारखी दोन पावलं मागं सरली.

अर्जुनराव त्या सुटासमोर कितीतरी वेळ बसून होता. हात फिरवून फिरवून बघत होता. कॉलर गळ्यालगत बंद. बाह्या मनगटाला बंद. पाय घोट्याला बंद. कोपरात, गुडघ्यात, पाठीत आतून कडक तुकडे. एक टोक कुठं सुटं नाही, एक दोरा बाहेर नाही. "पाठीवर हे कुबड कायचं?" रुक्मिणीबाईनं विचारलं. त्यानं कुबडावरूनही हात फिरवला. असं कापड जगात होतं. कोणीतरी बसून विचार केला होता, की माणसाच्या अंगावर वाऱ्याला धरायला काही ठेवायचं नाही. आणि त्यानं जरीचं उपरणं टाकलं होतं.

जायच्या सकाळी योगिनी आंघोळीला गेली होती. अर्जुनरावानं हेल्मेट हातात घेतलं. बाहेरून गुळगुळीत, आतून मऊ. खाली मात्र हनुवटीच्या एका बाजूला दोन कड्या आणि दुसऱ्या बाजूला वीतभर पट्टा लोंबत होता. कड्या शोभेच्या असाव्यात, असं त्याला वाटलं. पट्ट्याचं त्याला काहीच वाटलं नाही. हात खिशात गेला. जाड होता, दोनदा दाबावं लागलं. मग त्यानं हेल्मेट स्वतःच पिशवीत घातलं आणि मोठं काम उरकल्यासारखा श्वास सोडला.

निघताना रुक्मिणीबाई दारात म्हणाली, "रामचे बाबा, नीट पाहून घ्या सगळं."

"पाह्यलं," तो म्हणाला.

जिनिंगच्या आवारात मांडव टाकला होता. तिथं एका फळ्यावर नियम लिहिले होते. अर्जुनरावानं ते बोट ठेवून वाचले. ओढणी, उपरणं, स्कार्फ, सैल कपडे चालणार नाहीत. तो तिथंच उभा राहिला. मागची माणसं म्हणाली, काका, सरका. त्यानं परत वाचलं. उपरणं असं अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणजे लोकांना माहीत होतं.

तपासणारा एक तरणा माणूस होता. योगिनीचे कोपर दाबले, गुडघे दाबले, चेन वरपर्यंत ओढली, बूट बघितले. "एक नंबर. आता हेल्मेट." त्यानं ते तिच्या डोक्यात घातलं, पट्टा शोधायला बोट फिरवलं आणि वरून धरून नुसतं उचललं. हेल्मेट त्याच्या हातात आलं.

"पट्टा कोनी कापला हा?"

योगिनीनं वळून बघितलं. तिला विचारावं लागलं नाही.

"म्या कापला," अर्जुनराव म्हणाला. "लोंबत होता."

"काका, ह्या पट्ट्यावरच तर सगळं हाय. हा नसला तर पडल्याबरोबर हेल्मेट एकीकडं आन पोरगी एकीकडं." तो पोरगा हसतच म्हणाला, चांगल्या मनानं. "हे एक लोंबलंच पाहिजे."

अर्जुनराव मांडवाच्या खांबाला धरून खाली बसला. त्या पोरानं तपासलं नसतं तर. घरून ते तिच्या अंगावर घालायला अर्जुनरावानंच दिलं होतं, बघून, हात फिरवून. दुसऱ्यांदा.

संजीवनीही आली होती, तिची पाळी नंतरची होती. तिनं आपलं हेल्मेट योगिनीला दिलं. योगिनी ते घालून अर्जुनरावासमोर येऊन उभी राहिली. जाड हातमोज्यांत बोटं चालत नव्हती. तिनं हनुवटी वर केली.

"बाबा, बांधून द्या."

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. "माया हातानं नको."

"तुमच्याच हातानं पाहिजे."

"योगे, नको म्हन्तो न. माया हाताचं नको घालू तू काई."

"बाबा, मले तुमच्यावर राग नाई. मले कधीच नव्हता."

शिट्टी झाली. नावं पुकारली गेली. ती अजून तशीच हनुवटी वर करून उभी. त्याचे हात पुढं आले नाहीत. संजीवनी मधे आली, पट्टा दोन्ही कड्यांतून घालून मागं फिरवला, आत दोन बोटं घालून बघितली आणि उरलेलं टोक बटणाला लावलं. योगिनी वळून गेली. तिची चाल सुटामुळं वाकडी झाली होती, पण कोणी हसावं अशी ती नव्हती.

गाड्या सुटल्या. अर्जुनरावानं आधी डोळे मिटले. मग आवाज सहन होईना म्हणून उघडले. लाल-काळ्या गाड्या पळताना सगळ्या सारख्या, सगळे सूट काळे, सगळी डोकी गोल. ह्यातली आपली कोणती, ते त्याला कळेना. एक कळेना म्हणून त्यानं सगळ्यांसाठीच बालाजीला हात जोडले.

बाजूला चहावाला कपबशा विसळत होता. "काका, तुमचा पोरगा कोनता?"

अर्जुनराव सांगणार होता, की पोरगी आहे. पण नजर समोर होती. तोंड झाकलेलं, खांदे झाकलेले, अंगावर वाऱ्याला धरायला काही नाही, असं एक माणूस वळणावर वाकून सुखरूप पुढं निघालं.

"तो," तो म्हणाला.

"चांगला चालवते."

"हाव. लहानपणापासून चालवते."

मग त्यानं दुसरीकडं बघितलंच नाही. ती गाडी वळणामागं गेली की तो थांबायचा, आणि ती परत यायची. दर खेपेला यायची. चहावाल्यानं हातात कप दिला, तो गार झाला.

गाड्या थांबल्या. त्यानं बोट दाखवलेला माणूस खाली उतरला, हेल्मेट काढलं आणि आतून मिशा फुललेला, टकला, ढेरपोट्या गृहस्थ निघाला. त्यानं बाटलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. चहावाल्यानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा अर्जुनरावाकडं, आणि परत कपबशा विसळायला लागला.

पलीकडून कोणीतरी पळत येत होतं. सूट चिकटलेला, पावलं वाकडी. काचेआडचे डोळे ओले होते, घामानं का कशानं कोण जाणे.

"बाबा, हात नाई गारठले माये. पाह्यलं न तुमी?"

"हाव."

"सांगा बरं, कितवी होती मी?"

त्यानं थांबलेल्या गाड्यांकडं बघितलं.

"लाल गाडी का काळी?"

तो त्या टकल्या माणसाकडं बघत होता. तिनंही तिकडं बघितलं, मग बापाकडं. काचेआडचे डोळे हलायचे थांबले.

"मंग कोनाले पाहत होते?"

तिच्या हनुवटीखाली पट्ट्याचं बटण होतं. अर्जुनरावानं हात पुढं केला. बटण बोटांना सापडत नव्हतं.

"मान वर कर," तो म्हणाला.

तिनं केली. तो सोडवत राहिला.