बाईची पावलं

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, ही अभिमनची तरुणपणची खोड. त्या एका खोडीनं त्याचा संसार नासला.

लग्नाला दोनच वर्षं झाली होती. अभिमन भुसावळला इंजिनवर फायरमन. नवीन वर्षाच्या पहाटे घरी आला आणि बायकोला, मंजुळाबाईला, ऐटीत म्हणाला, "क्लबात बॉल व्हता. रातभर मडमनी कंबर धरीसन नाचनू." खरं तर रेल्वेतल्या अँग्लो-इंडियनांच्या त्या क्लबाच्या हॉलमध्ये फायरमनला जाता येत नव्हतं. त्याचा ड्रायव्हर मॅकनीलसाहेब बॉलच्या आधी आठवडाभर ड्युटी सुटल्यावर आपल्या घराच्या ओट्यावर नाचाचा सराव करायचा, आणि जोडीला बाई म्हणून अभिमनला घ्यायचा. बॉलच्या रात्री हा गडी बाहेर सायकलींजवळ उभा राहून खिडकीतून बघत होता.

मंजुळाबाई चोपड्याची, मोठी मानी. तिनं त्याच दिवशी आपलं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. त्यानंतर ती ताट वाढायची, डबा भरायची, ताप आला तर काढाही द्यायची. पण पेला खाली ठेवून. हाताला हात लागू दिला नाही. अशी बावीस वर्षं गेली. मूल झालं नाही. तिची आई मुक्ताईला नवस बोलता बोलता मरून गेली. अभिमनला आधी गंमत वाटली, मग वाटलं निवळेल, आणि पुढे खरं सांगायचीच लाज वाटायला लागली. मडमेबरोबर नाचलो म्हणणारा पुरुष ओट्यावर बाई होऊन नाचत होता, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प राहिला मूर्ख.

सत्त्याऐंशी साली बॉलला माणसंच उरली नाहीत. बहुतेक अँग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती. क्लबानं सगळ्या ड्रायव्हरांना बायकांसह बोलावलं, आणि ज्यांना नाच येत नव्हता किंवा विसर पडला होता त्यांच्यासाठी क्लबातल्या जुन्या मडम ओकॉनरबाईंनी तीन संध्याकाळी वर्ग ठेवला. अभिमन आता ड्रायव्हर होता. मंजुळाबाई आपणहून म्हणाली, "मी येसू. तठे असं काय शे, माले देखनं शे."

वर्गात ओकॉनरबाईंनी रेकॉर्ड लावली आणि मंजुळाबाईचा हात उचलून सरळ अभिमनच्या हातात दिला. हात खरखरीत झाला होता. अभिमनला रडू येईल असं वाटलं. आज एवढं नीट जमलं तर ती घरीही हात सोडणार नाही, असं त्याचं वेडं मन म्हणू लागलं.

ओकॉनरबाईंनी "वन!" म्हणताच तो मागे गेला. बायकांना मागेच जायला सांगितलं होतं, म्हणून तीही मागे गेली. दोघांचे हात ताणले गेले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्याचे पाय पुढे जायला तयारच नव्हते.

ओकॉनरबाई हसायला लागल्या. "अरे, ये तो लेडी का स्टेप है! तू मॅकनील का फायरमन ना? वो बोलता था, मेरा लेडी बहुत अच्छा नाचता है. हॉल में तो तुम कभी आया नहीं." वर्गातली बाकीची जोडपी खो खो हसली.

मंजुळाबाई हसली नाही. हात सोडून ती व्हरांड्यात जाऊन बसली. अभिमन मागोमाग गेला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. ओटा, साहेब, सायकली, खिडकी.

"म्हंजे कोनीच नव्हती?"

"कोनीच नही. तुनी आन."

त्याला मोकळं वाटलं. आता ती दोन शिव्या देईल, कदाचित हसेलही, असं वाटून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कोनी ऱ्हाती तं बरं व्हतं," ती म्हणाली. "तिना राग करी करी मी बावीस वरीस काढात. आते मी कोना राग करू?"

"चाल, घर जाऊत," म्हणत अभिमननं हात पुढे केला. मंजुळाबाईनं त्या हाताकडे पाहिलं, पण रागानं नाही. मग भिंतीचा आधार घेऊन ती एकटीच उठली आणि पायऱ्या उतरून गेली.