संगमरवरी पाटीखालचा अर्ज

मित्रांनो, माझा हिरवा रंग बघून नाक मुरडू नका. तो तीनदा खरवडून तीनदा लावलाय, आणि दर वेळी स्वस्तातला. मी एक जुनी लष्करी गाडी आहे. लोक मला ट्रक म्हणतात, म्हणू द्या. माझा जन्म हिंदी मुलखात, रांझीच्या लष्करी गाड्यांच्या कारखान्यात झाला. मला घडवणारे हात सायकलला डबा लटकवून यायचे आणि भोंगा झाला की परत जायचे. त्यांनी माझा एकेक नट असा आवळला की पुढे वीस वर्षं मी डोंगरात फिरले, पण एक सैल झाला नाही. आजकालच्या चकचकीत गाड्यांनी हे ऐकून ठेवावं.

सैन्यात मी पीठ वाहिलं, कांदे वाहिले, माणसं वाहिली. बर्फात मागच्या दोन गाड्या बंद पडल्या तेव्हा मी त्यांना ओढून आणलं. त्या दिवशी एका मोठ्या साहेबाने माझ्या बॉनेटवर थाप मारून "शाबास" म्हटलं. मग वय झालं, लिलाव झाला आणि कोणा ठेकेदाराने मला गवतात नेऊन उभी केली. चार वर्षं! टायर बसले, सीटमध्ये मुंगसाने पिल्लं घातली. कोणी विचारलं नाही.

शेवटी रामकृष्णजींनी मला उचललं. रांझीच्या पुढे त्यांची ट्रक शिकवायची शाळा आहे. त्यांनी माझ्यात ब्रेकचे दोन पेडल बसवले, एक शिकणाऱ्याचं आणि एक मास्तरांचं. तेव्हापासून मी पोरांना घडवते. पोरं गिअर करकरवतात, क्लचवर पाय ठेवून गाणी ऐकतात. माझा क्लच म्हणजे काय पायपुसणं आहे? पण सहन करते. मास्तरीण झाले की सहन करावंच लागतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर प्रणोती आली. चोवीस वर्षांची, सडसडीत, बसने आलेली. तिचे आजोबा चंद्रशेखर याच कारखान्यात ब्रेक बसवायचे. माझे त्यांनीच बसवले का, ते मला ठाऊक नाही. उगाच कशाला खोटं सांगू? आता आजोबा नाहीत, आईवडीलही नाहीत. घरात ती आणि आजी, आणि आजीची थोडीशी पेन्शन. नागपूरच्या एका कंपनीत बायकांना ट्रकवर घेत होते. मोठ्या गाडीचं लायसन्स दिवाळीपर्यंत हातात असेल तर नोकरी पक्की. लहान गाडीचं तिच्याकडे होतं. आता शिकायचं होतं आणि फी भरायची होती. फी बावीस हजार.

"बेटा, सीट शनिवार तक रोकूँगा," रामकृष्णजी म्हणाले. "सोमवारपासून बॅच. पुढची तीन महिन्यांनी."

तीन महिन्यांनी म्हणजे नोकरी गेलीच.

मित्रांनो, त्या पोरीने काय काय केलं ते मी पाहिलंय, कारण दर दुपारी ती माझ्या पायरीवर बसून फोन करायची. बँकेने जामीन मागितला. सरकारी योजनेचा अर्ज भरायची तारीख उलटून गेली होती. एक ट्रान्सपोर्टवाला फी भरायला तयार झाला, पण चार वर्षं त्याच्याकडेच राहायचं आणि लायसन्स त्याच्या कपाटात ठेवायचं. त्याला नाही म्हणून ती घरी गेली, ते बरं केलं. लायसन्स दुसऱ्याच्या कपाटात, म्हणजे पाय दुसऱ्याच्या दाव्याला बांधलेला.

गुरुवारी तिच्यासोबत आजी आल्या. शैलजाबाई. काठापदराची सुती साडी, ताठ मान, हातात पिवळ्याजर्द पाटल्या. ऊन होतं म्हणून दोघी माझ्या केबिनमध्ये चढून बसल्या. चढताना पोरीने हात दिला तर आजींनी झटकला.

"आजी, आपल्या मराठी मंडळाचा शिक्षण निधी आहे न. मी अर्ज करू?"

"डोकं ठिकाणावर आहे का गं? मदन महल भागातल्या मंडळाच्या सभागृहात दारातच संगमरवरी पाटी आहे. देणगीदारांची. पहिलं नाव कोणाचं?"

"पणजोबांचं."

"मग? पाटीवर देणारे आपण आणि खाली हात पसरून राहिली त्यांची पणती! काहून, लोकांना हसायला दुसरं काही नाही?"

"मग पाटल्या..."

मला वाटलं, आता ही बाई भडकणार. पण त्या अगदी हळू बोलल्या.

"त्या तुझ्या आजोबांच्या आजारपणात गेल्या. या बाजारच्या, खोट्या आहेत. मंडळात कोणाला कळू दिलं नाही मी. गणपतीला दर वर्षी घासूनपुसून घालून गेले."

आजींचा पदर सीटच्या फाटक्या स्प्रिंगमध्ये अडकला होता, तो प्रणोतीने सोडवला. आजींनी पाटल्या मनगटावर एकदा फिरवल्या.

मग आजी म्हणाल्या, "लिही अर्ज."

निधीचा नियम असा, की अर्ज गुपचूप द्यायचा नाही. घरच्या वडीलधाऱ्याने भर सभेत उभं राहून तो वाचायचा. हा नियम कोणी केला होता? त्याच पणजोबांनी. लपूनछपून कोणी पैसा नेऊ नये म्हणून. त्यामुळे काय झालं, तर गेल्या अकरा वर्षांत एकाही मराठी घरातून अर्ज आला नव्हता. कोणाची पोरगी कॉलेज सोडून घरी बसली, कोणाचा मुलगा शिकायचं सोडून दुकानात लागला, पण सभेत उभं कोण राहणार? आणि त्या निधीच्या व्याजातून सभागृहाला रंग दिला जात होता.

अर्ज माझ्याच स्टिअरिंगवर वही टेकवून लिहिला. पोरीने सुरुवात केली, "आपल्या कृपेने..."

"कृपा काढ."

"आपले उपकार..."

"तेही काढ. कर्ज बुडवायला चाललो का आपण? चार ओळी लिही. मोठी अक्षरं काढ, मला वाचायचं आहे. मी तिसरीपर्यंतच शिकले."

शुक्रवारी संध्याकाळी सभा होती. शनिवारी सकाळी प्रणोती धावतच आवारात आली आणि तिने रामकृष्णजींना सगळं सांगितलं. माझ्या मडगार्डला टेकून उभी होती, म्हणून मीही ऐकलं.

आजी उठल्या. अक्षराला अक्षर जोडत वाचलं. "माझी नात ट्रक चालवायला शिकणार आहे. घरात फी नाही. निधीत पैसे आहेत. द्यावेत." मग अध्यक्ष भय्यासाहेब खाकरले.

"शैलजाताई, तुमच्या घराण्याने दिलेल्या पैशातून तुम्हीच... बरं दिसेल का?"

"घराण्याने पैसे शिकायला दिले, भय्यासाहेब. भिंती रंगवायला नाही. आणि बरं दिसायला मी आजवर खोट्या पाटल्या घातल्या. हे बघा." आजींनी त्या काढून टेबलावर ठेवल्या. "आता सांगा, फी देता का नाही?"

"फिर?" रामकृष्णजींनी विचारलं.

"दी, भैया!" प्रणोतीने चेक पुढे केला. "सगळ्यांनी हात वर केले. आजी घरी येऊन खूप रडली. मी पहिल्यांदाच पाहिलं."

सोमवारी ती माझ्यावर बसली. पहिल्या दिवशी सात वेळा बंद पाडलं मला. पण क्लचवरून पाय मात्र काढत होती, तेवढ्यासाठी मी तिला माफ केलं. दिवाळीच्या आधी लायसन्स आलं. आता ती नागपूरकडे माल नेते आणि आजींना टोलनाक्यांवरून फोन करते.

मित्रांनो, मला तेल हवं असेल तर मी खडखडते. पाणी संपलं तर वाफ काढते. त्यात मला कमीपणा वाटत नाही, कारण न सांगता जळून गेलेलं इंजिन कोणाच्याच कामाचं नाही. तुम्ही गाड्यांची काळजी घ्या, वेळेवर ऑइल बदला, हे तर सांगेनच. पण घरातल्या माणसांची अडचण ताठ मानेखाली झाकून ठेवू नका, आणि जो उभा राहून मागतो त्याला हसू नका.

संक्रांतीनंतर शैलजाबाई पुन्हा आवारात आल्या, रामकृष्णजींना तिळाची वडी द्यायला. हात मोकळे, पाटल्या नव्हत्या.

"काल सभेत पाच अर्ज आले, भैया," त्या म्हणाल्या. "पहिला भय्यासाहेबांचा. नातीच्या नर्सिंगसाठी. वाचताना त्यांचा आवाज बसला."

"फिर आपने क्या कहा, अम्माजी?"

"काय म्हणणार? उठून पाणी दिलं. आणि म्हटलं, सावकाश वाचा, आम्ही ऐकून राहिलो."